काठ राखावा तो पायथ्यापासून

पाऊस सरला, दिवाळी आली, की नदीकाठच्या शेतकऱ्याने शेताच्या टोकापर्यंत एक फेरी मारावी आणि यंदा जमीन किती उरली ते पाहावे. सातबाऱ्यावर तीन एकर लिहिलेले असतात, नांगर मात्र अडीच एकरांतच फिरतो!

आमचे कोल्हार प्रवरेच्या काठी. रतनगडाकडून निघालेल्या या नदीने शतकानुशतके आणून टाकलेला गाळ, तीच आमची खोल, मऊ जमीन. नदीने दिले ते नदीच परत मागते.

लोक म्हणतात, पुराने काठ नेला. हे अर्धेच खरे. पूर चढलेला असतो तोवर पाणीच दरडीला टेकू देते. ते झपाट्याने ओसरले की भिजून जड झालेली दरड निराधार होते. आणि प्रवाहाने व वाळूउपशाने तिचा पायथा आधीच पोखरलेला असला, तर ती धाडकन पात्रात बसते. म्हणून काम पायथ्यापासून वर करीत यावे.

पायथ्याशी मोठे दगड रचावेत. त्यांच्या फटींतून वाळुंज व निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या निम्म्याहून अधिक जमिनीत ठोकाव्यात. ओल असली की त्या मुळे धरतात, आणि निर्गुडीला शेळी सहसा तोंड लावीत नाही. युरोपातले शेतकरी वाळुंजाच्याच कुळातल्या विलोच्या फांद्यांचे कूड विणून ओढ्यांचे काठ राखीत आले आहेत.

मधल्या उतारावर वाळ्याचे ठोंब वीत-वीत अंतराने, आडव्या ओळींत लावावेत. उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच हा वाळा. त्याची मुळे सरळ खाली जातात, चांगल्या मातीत दोन-तीन मीटरसुद्धा. म्हैसूरकडचे शेतकरी बांधावर तो फार पूर्वीपासून लावीत आले; १९८० नंतर जागतिक बँकेने त्याचा प्रसार देशोदेशी केला. माथ्यावर करंज आणि बांबू असावेत. मात्र उंच, जड झाड अगदी कडेवर नको. वाऱ्याने उन्मळले की ते कडाही घेऊन जाते.

आमचे एक शेजारी विचारतात, "अहो, गवताने कुठे नदी अडते होय?" मी म्हणतो, नदी अडवावयाचीच नाही, माती धरावयाची आहे. सिमेंटच्या भिंतीचाही पायथा उघडा पडला तर ती कोसळते, आणि तिच्यावर आपटलेले पाणी खालच्या शेजाऱ्याचा काठ खाते.

लावणीला हेच दिवस बरे. काठाला ओल आहे, पूर गेला आहे, आणि पुढच्या पुरापर्यंत मुळांना सात-आठ महिने मिळतात. उन्हाळ्यात मात्र पाणी घालावे लागेल. आणखी एक: एकट्याने राखलेल्या काठाला पाणी शेजारच्या उघड्या रानातून वळसा घालते. तेव्हा फराळाला शेजाऱ्याकडे जाल, तेव्हा लाडवाबरोबर वाळ्याचे चार ठोंबही घेऊन जा.