खोट्या बंदुकांचे शूर शिकारी

2019 साल उजाडले आणि या देशातल्या राज्यकर्त्यांना अचानक मुलांचा पुळका आला. निमित्त होते पबजी नावाच्या मोबाइलवरच्या खेळाचे. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, हाताला लागेल ते शस्त्र उचलतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो, एवढाच तो खेळ. पण गोव्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांना त्यात घराघरात शिरलेला राक्षस दिसला. जम्मू-काश्मीरमध्ये दहावी-बारावीचे निकाल मनासारखे लागले नाहीत, तर खापर पबजीच्या माथी. गुजरातच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांसाठी परिपत्रक काढले. मुंबई उच्च न्यायालयात तर अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने बंदीची याचिका दाखल झाली. या गदारोळात शहाणपणाचे चार शब्द बोलले ते पंतप्रधान. 29 जानेवारीला ‘परीक्षा पे चर्चा’मध्ये एका आईने मुलाच्या खेळाची तक्रार केली, तेव्हा पबजीवाला आहे का, असा विनोद करून त्यांनी सांगितले की, मुलांना तंत्रज्ञानापासून तोडू नका, वळण लावा. सभागृह हसले, टाळ्या पडल्या. सव्वा महिन्यानंतर त्यांच्याच राज्यातल्या पोलिसांनी त्या सल्ल्याला केराची टोपली दाखवली.

6 मार्च 2019. राजकोटच्या पोलीस आयुक्तांनी शहरात पबजी खेळण्यावर बंदी घातली. कायदा कोणता वापरला? फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144. म्हणजे जमावबंदीचे कलम! दंगल पेटू नये, तलवारी-लाठ्या घेऊन माणसे चौकात जमू नयेत, यासाठी ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेले हत्यार कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेल्या पोरावर उगारले गेले. आठवड्याभरात दहा जण पकडले, त्यांतले बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी कोणाला मारले नव्हते. कोणाच्या घराची काच फोडली नव्हती. पोलीस पोरांचे फोन तपासत होते आणि त्यात खेळ सापडला की गुन्हा शाबीत! जामिनावर सुटका झाली हे खरे. पण वयाच्या विसाव्या वर्षी पोलीस ठाण्याची पायरी चढवणाऱ्या सरकारने त्या मुलाला हिंसेपासून वाचवले, असे म्हणायला जीभ कशी रेटते?

आता हेच राजकोट, पाच वर्षांनी. 25 मे 2024, शनिवार, उन्हाळ्याची सुट्टी. टीआरपी गेम झोन नावाच्या पत्र्याच्या सांगाड्यात 99 रुपयांच्या तिकिटावर आईबाप मुलांना घेऊन आले होते. आत वेल्डिंगचे काम चालू होते. ठिणगी पडली आणि काही मिनिटांत 27 माणसे जळून मेली. लहान मुलेही त्यात होती. मृतदेह ओळखायला डीएनए चाचणी करावी लागली. अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला? नव्हता. ते बांधकाम पाडण्याचा आदेश? तो मात्र होता. जून 2023 मध्येच निघाला होता आणि वर्षभर कागदावर पडून होता. मोठमोठे अधिकारी त्या जागी जाऊन आल्याची छायाचित्रे नंतर बाहेर आली, तेव्हा ही मंडळी तिथे काय करत होती, असा संतप्त सवाल गुजरात उच्च न्यायालयाने केला. रविवारी बसून न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि या अग्निकांडाला मानवनिर्मित आपत्ती म्हटले.

दोन आदेश शेजारी ठेवून पाहा. एक, मोबाइलवरचा खेळ बंद करण्याचा. त्याची अंमलबजावणी आठवड्याच्या आत, पोरांच्या खिशात हात घालून. दुसरा, मुले जिथे खरोखर मरू शकत होती ती इमारत पाडण्याचा. तो वर्षभर धूळ खात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण जुन्या लोकांनी जणू याच शहरासाठी करून ठेवली होती! पोराच्या अंगठ्यावर कारवाई करायला धाडस लागत नाही, कारण पोराच्या मागे कोणी नसते. बेकायदा बांधकामाच्या मागे कोण कोण असते, हे प्रत्येक महापालिकेला ठाऊक आहे. आग लागल्यावर बदल्या झाल्या, महापालिकेचा नगररचना अधिकारी गजाआड गेला. 27 माणसे जळाल्यानंतर!

खोट्या बंदुकीने खरी हिंसा वाढते, या दाव्याला आधार तरी काय? राजकोटचा आदेश निघण्याच्या काही आठवडे आधीच ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे एक हजार किशोरवयीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. हिंसक खेळ खेळण्याचा आणि आक्रमक वागण्याचा संबंध त्यांना सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये बजावले की, आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी या खेळांचा थोडाफार संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याला शास्त्रीय आधार नाही. जपान आणि दक्षिण कोरिया हे या खेळांनी झपाटलेले देश. तिथल्या रस्त्यांवर काही रक्ताचे पाट वाहत नाहीत. पण आपल्याकडे अभ्यास वाचून आदेश काढायची रीत केव्हा होती?

आणि दिल्लीने काय केले? जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. 2 सप्टेंबरला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली 118 चिनी संबंधांची अ‍ॅप बंद झाली, त्यात पबजी होते. कारण दिले ते देशाच्या सार्वभौमत्वाचे आणि माहितीच्या चोरीचे. चीनला धडा शिकवायचा तर जरूर शिकवा, आमची हरकत नाही. पण मग तो घराघरातला राक्षस कुठे गेला? 2021 च्या जुलैत तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ असे देशभक्त नाव धारण करून परत आला. जुलै 2022 मध्ये पुन्हा गायब. मे 2023 मध्ये तीन महिन्यांच्या परीक्षेवर पुन्हा हजर. अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि गोळी लागल्यावर उडणारे रक्त हिरवे! झाला, राक्षस सोवळा झाला.

हिंसेचा एवढाच तिटकारा असेल तर तो व्यासपीठावर का दिसत नाही? जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या प्रचारसभेत केंद्रीय राज्यमंत्री अनुराग ठाकूर यांनी गद्दारांचा उल्लेख करायचा आणि गर्दीने गोळ्या घालण्याची घोषणा द्यायची, असा प्रकार झाला. निवडणूक आयोगाने त्यांना 72 तास प्रचारबंदी केली. पुढल्याच वर्षी त्यांना बढती मिळाली आणि खाते मिळाले युवक कल्याण व क्रीडा! आपला महाराष्ट्र तरी मागे कसा राहील? 2025 च्या जुलैत कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. शिक्षा म्हणून कृषी खाते गेले आणि हातात आले क्रीडा खाते! मोबाइलवर खेळणाऱ्या राजकोटच्या पोराला अटक, आणि सभागृहात तोच आरोप झालेल्या मंत्र्याला खेळांचे मंत्रिपद.

एक गोष्ट आम्ही नाकारत नाही. काही मुले या खेळांच्या आहारी जातात. झोप जाते, अभ्यास जातो, घरात रोज भांडण. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले. पण आजाराला डॉक्टर लागतो, हवालदार नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्सने 2014 मध्येच तंत्रज्ञानाच्या व्यसनासाठी खास उपचार केंद्र सुरू केले. तसे केंद्र तुमच्या जिल्हा रुग्णालयात आहे? या देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही. बंदीच्या आदेशाला कागदाचा एक ताव पुरतो. समुपदेशकाला दरमहा पगार द्यावा लागतो. सरकारे कागदाकडे का धावतात, याचे उत्तर त्या हिशेबात आहे.

वाचकहो, पुढच्या वेळी एखादा मंत्री छाती पुढे काढून मुलांच्या खेळावर बंदीची घोषणा करील, तेव्हा टाळ्या वाजवू नका. तुमच्या तालुक्यातल्या किती शाळांत समुपदेशक नेमला, आणि शहरातल्या किती गेम झोनकडे अग्निशमनाचा दाखला आहे, एवढे त्याला तिथल्या तिथे विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्याला व्यासपीठावरून उतरू देऊ नका.