क्लच पाचात, फ्लायव्हील अठरात

गेल्या घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 रोजी, वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले आणि ट्रॅक्टरच्या क्लचवरील कर शेकडा 18 वरून 5 वर उतरला, तेव्हा जालना-मंठा रस्ता आणि शेगाव-पंढरपूरचा पालखीमार्ग जेथे एकमेकांस मिळतात त्या वाटूर फाट्यावरील आमच्या ट्रॅक्टर-गॅरेजवाल्या व्यवसायबंधूंना जो आनंद झाला, तो पहिले बिल हाती पडेपर्यंतच टिकला. तेथील एका मिस्त्रींनी पाठविलेले बिल या क्षणी आमच्यापुढे आहे. क्लच प्लेट, 5. प्रेशर प्लेट, 5. त्याखाली रिलीज बेअरिंग, 18, पायलट बेअरिंग, 18, फ्लायव्हील, 18. बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे : ‘गिऱ्हाईक म्हणते, क्लच स्वस्त झाला ना, मग आकडा एवढा कसा? त्याला मी काय सांगू?’

काय सांगावे ते आम्ही सांगतो. त्याने गिऱ्हाइकाचे समाधान होईल अशी हमी मात्र देत नाही. दिनांक 17 सप्टेंबरच्या 9/2025 या अधिसूचनेने ट्रॅक्टरचा क्लच व त्याचे भाग 8708 या शीर्षाखाली पाच टक्क्यांच्या यादीत घातले. फ्लायव्हील हे 8483 या शीर्षात नावानिशी नमूद आहे, आणि जकातपत्रकाच्या सतराव्या विभागाची दुसरी टीप असे बजावते की, या शीर्षातील जे नग इंजिनाचे अविभाज्य अंग असतील त्यांना वाहनाचे भाग म्हणून गणू नये. बेअरिंग 8482 मध्ये असल्याने त्यांना तर ही टीप सरसकटच बाहेर काढते. एवंच, फ्लायव्हील जेथे संपते तेथून कायद्याच्या दृष्टीने क्लच सुरू होतो. 8483 या शीर्षावर पूर्वी 28 टक्के होते आणि 1 जानेवारी 2019 पासून ते 18 झाले, हे आठवून ज्यांना समाधान मानावयाचे असेल त्यांनी खुशाल मानावे.

आमच्या वाचकांपुढे क्लचची रचना उलगडून दाखविण्याचे प्रयोजन नाही. तथापि ज्यांनी ही यादी केली त्यांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडलाच तर त्यांच्या माहितीसाठी नमूद करतो की, क्लच प्लेट दोन फेसांच्या मध्ये आवळली जाते, त्यांतला एक फेस प्रेशर प्लेटचा आणि दुसरा फ्लायव्हीलचा असतो, आणि त्या दुसऱ्या फेसावाचून पहिल्या फेसाला करण्यासारखे काहीही काम उरत नाही. जात्याच्या वरच्या तळीवर एक कर आणि खालच्या तळीवर त्याच्या साडेतीनपटीहून अधिक कर, अशी ही तजवीज आहे. बरे, फ्लायव्हील इंजिनाचे अंग मानावयाचे तर मानू. परंतु त्याच हुकुमाने ट्रॅक्टरसाठीचे 250 सीसीवरील डिझेल इंजिनही पाच टक्क्यांत आणले आहे! म्हणजे इंजिन आख्खे विकत घेतले तर त्यावर बसलेल्या फ्लायव्हीलला पाच टक्के. ट्रॅक्टर नवा घेतला तरीही पाचच टक्के. आणि तेच फ्लायव्हील सुटे घेतले, की अठरा. नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत असलेल्याला सवलत मिळावी आणि वीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर दुरुस्त करकरून जो चालवितो त्याच्याकडून पुरी वसुली व्हावी, असा कोणाचा हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु परिणाम तोच आहे.

आता हिशेब पाहा. समजा, प्लेट आणि प्रेशर प्लेट यांचा संच करापूर्वी 8,000 रुपयांचा आहे. पूर्वी त्यावर 1,440 रुपये कर पडे, आता 400 पडतो. बचत 1,040 रुपये. फ्लायव्हील चिरले असून ते बदलणे भाग आहे आणि त्याची किंमत 6,000 रुपये आहे असे धरले, तर त्यावरचा कर 1,080 रुपये. वर्तमानपत्रांनी जाहीर केलेली बचत फ्लायव्हीलच्या एका ओळीत संपली, आणि वर 40 रुपये अंगावर आले. शेतकरी हा हिशेब आपल्याइतकाच चोख करतो. तो म्हणतो, पाचवाले तेवढे बदला, अठरावाले राहू द्या.

आमची खरी तक्रार येथून पुढे आहे. गेल्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्याने काळ्या रानातला चिखल इतका खोल केला की रुतलेली ट्रॉली ओढताना अर्धा क्लच दाबून इंजिन गरगरविण्याचा प्रकार गावोगाव झाला. पुढे जळका वास घेऊन जे ट्रॅक्टर गॅरेजांत आले त्यांतील कित्येकांच्या फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसाएवढ्या चिरा होत्या, हे फाट्यावरील मिस्त्रींचेच म्हणणे आहे. निळा डाग म्हणजे तेथील लोखंड तापून कडक झालेले असते. लेथवर फेस मारताना हत्यार त्या डागावरून उडी मारते आणि डाग टेकाडासारखा तसाच राहतो. तेथे ग्राइंडिंगच करावयास हवे. चिरा बोल्टच्या छिद्रापर्यंत पोहोचल्या असतील तर तेही करू नये, चाक भंगारात द्यावे. अशा फेसावर नवी कोरी प्लेट बसवून ट्रॅक्टर जोडून देणे म्हणजे गिऱ्हाइकाचे 1,040 रुपये वाचवून त्याचे 8,000 रुपये जाळणे होय. आणि तोच ट्रॅक्टर मोसमात पुन्हा मधोमध खोलावा लागला, तर ती मजुरी कोणी सोसावयाची, यावरून जो तंटा होतो तो आपण सर्व जाणतो.

फेस मारण्याच्या कामातही आपल्यातल्या अनेकांची ढिलाई आम्हांस ठाऊक आहे. सपाट फ्लायव्हील असेल तर प्रश्न फारसा नाही. फेस खोलात असलेले फ्लायव्हील असेल तर मात्र घर्षणाचा फेस जेवढा उतरविला तेवढीच, प्रेशर प्लेट जिच्यावर बोल्टने बसते ती बाहेरची कडही उतरविली पाहिजे. नाहीतर प्लेट आत जाते, स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि पहिल्याच चढावर क्लच स्लिप मारतो. लेथवाल्याला हे सांगावे लागते, कारण त्याच्यापुढे फक्त चाक असते, ट्रॅक्टर नसतो. किती मिलिमीटर माल निघाला ते मिस्त्रीने स्वतः मोजून वहीत लिहावे. बटणाची प्लेट ‘जास्त टिकते’ म्हणून सरसकट सर्वांच्या गळ्यात मारू नये. ट्रॉलीच्या जड ओढकामाला ती चालेल, पण ओरखडे असलेल्या फेसावर ती चाक खाते, आणि ज्याला दिवसभर पुढे-मागे करीत शेतात काम करावयाचे आहे त्याला तिचा झटका जाणवतो. दुहेरी क्लचमध्ये पीटीओची प्लेट वेगळी झिजते. रोटाव्हेटर आणि मळणीयंत्र चालविणाऱ्याची ती आधी पाहावी. प्लेटचा हब इनपुट शाफ्टवर कोरडाच सरकवून पाहावा. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल येत असेल तर ते सील बदलल्यावाचून प्लेटला हात लावू नये. आणि बेअरिंग? जे बदलण्यासाठी ट्रॅक्टर पुन्हा दोन भागांत खोलावा लागतो, ते अठरा टक्क्यांना भिऊन जुनेच ठेवणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचा हितचिंतक नव्हे.

क्लचचे सारे भाग एकत्रच पाहावयाचे असतात, हे खेळण्यांवरूनही कळते. नायट्रो इंधनावर धावणाऱ्या छोट्या खेळगाड्यांचे शौकीन आता आपल्याकडेही आहेत. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्यावर चालणाऱ्या त्या बोटाएवढ्या इंजिनात पाय नसतो, पेडल नसते. वेग वाढला की फ्लायव्हीलवरचे शू स्प्रिंगचा ताण झुगारून बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या वाटीला, म्हणजे बेलला, पकडतात. स्प्रिंग कडक घेतली तर पकड उशिरा येते, चाक हलके घेतले तर इंजिन चटकन उसळते पण मंद गतीवर डगमगते. ते पोरसवदा खेळाडूसुद्धा शू, स्प्रिंग, बेल आणि फ्लायव्हील ही चौकडी एकत्र ठेवूनच निवड करतात. खेळण्यात जे पाळले जाते ते नांगरटीत पाळू नये काय?

आता कार्यालयांकडे वळू. रिलीज बेअरिंग हे ‘क्लचचा भाग’ म्हणून पाचात, की ‘बेअरिंग’ म्हणून अठरात, हा प्रश्न आम्ही एका करकार्यालयात विचारला. पहिल्या मेजावर तोंडी उत्तर मिळाले की क्लचबरोबर आले तर पाच. दुसऱ्या मेजावर, की कसेही आले तरी अठरा. तिसऱ्या मेजावर साहेब रजेवर होते. लेखी द्या म्हणताच दोन्ही उत्तरे अंतर्धान पावली. लेखी हवे असेल तर अग्रिम अधिनिर्णयासाठी अर्ज करा, असा सल्ला मिळाला. त्या अर्जाचे शुल्क केंद्राच्या कायद्याखाली 5,000 आणि राज्याच्या कायद्याखाली 5,000 असे मिळून 10,000 रुपये आहे. अर्जदार नोंदणीकृत किंवा नोंदणी करू इच्छिणारा असला पाहिजे. आणि मिळालेला निर्णय केवळ त्या अर्जदारावर व त्याच्याशी संबंधित कर-अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो. म्हणजे 800 रुपयांच्या बेअरिंगवर 40 रुपये द्यावेत की 144, हे जाणून घेण्यासाठी 10,000 रुपये मोजावेत, आणि शेजारच्या दुकानदाराने पुन्हा स्वतंत्रपणे तेवढेच मोजावेत! या दरम्यान फाट्यावरच्या दोन काउंटरांवर एकच बेअरिंग दोन दरांनी विकले जात आहे आणि दोघेही दुकानदार आपणच बरोबर आहोत, या श्रद्धेने रात्री निजत आहेत. आमचे मत विचाराल तर टिपेची भाषा स्पष्ट आहे आणि अठरा टक्केच लागतात. भाषा स्पष्ट असणे आणि ती शहाणपणाची असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दर ठरविण्याची शिफारस संविधानाच्या 279अ या अनुच्छेदाखालील परिषद करते, आणि तेथे राज्यांचे प्रतिनिधी बसतात. ट्रॅक्टरचा रेडिएटर, सायलेन्सर, फेंडर, बॉनेटची जाळीसुद्धा ज्या परिषदेला आठवली, तिला फ्लायव्हील आठवले नाही याचे कारण आमच्या मते उघड आहे : मोठ्या कारखान्यांनी आपल्या याद्या वेळेवर धाडल्या असाव्यात, आणि आपण धाडली नाही. गॅरेजवाल्यांच्या बाजूने कोणी दरखास्त केली होती? आमच्या माहितीत कोणी नाही. करणार तरी कशाच्या आधारावर? आपल्यातल्या निम्म्यांच्या दप्तरी बिलच नाही. माल ‘कच्च्या’वर घ्यावयाचा, गिऱ्हाइकाला ‘क्लचकाम एकूण इतके’ असे एका ओळीत लिहून द्यावयाचे, आणि मग कर जास्त लागला म्हणून ओरडावयाचे, ही रीत सोडली पाहिजे. सामान आणि मजुरी बिलात वेगळी दाखविली तर प्रत्येकास त्याचा त्याचा दर लागतो, असे 8 जून 2018 च्या 47/21/2018 या परिपत्रकात मोटारींच्या दुरुस्तीबाबत स्वच्छ लिहिलेले आहे. तरीही जे नोंदणीकृत बंधू सारे एकत्र मांडून सर्वांवर अठरा लावतात, ते सरकारने दिलेली सवलत स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकाच्या तोंडून काढून घेतात. आणि ज्यांची नोंदणी नाही त्यांनीही पक्के बिल मागून घ्यावे. नकली प्लेट निघाली तर हातात कागद असल्यावाचून कोणता दुकानदार माल परत घेणार आहे?

ट्रॅक्टरसाठी वापरले जाणारे सुटे फ्लायव्हील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग यांना क्लचबरोबर पाच टक्क्यांत घ्यावे, एवढीच एकमेव मागणी राज्याच्या अर्थखात्यामार्फत परिषदेपुढे ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. दहा मागण्या एकत्र केल्या की एकही ऐकली जात नाही, हा अनुभव असल्याने स्प्रिंगा, रिबिटा आणि सुटे लायनिंग यांचा आग्रह आम्ही तूर्त सोडला आहे. मागणीस पुरावा हवा. वाटूर, परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड, कोठेही असा. 22 सप्टेंबरनंतरच्या क्लचकामाची बिले, ज्यांवर हे भाग वेगवेगळ्या दरांनी लागलेले दिसतात, ती आमच्याकडे धाडा. फ्लायव्हील बदलावयास हवे असताना गिऱ्हाइकाने कराच्या कारणाने नाकारले असेल, तर तेही चार ओळींत, ट्रॅक्टरचे मॉडेल व साल घालून, लिहा. मूळ बिल स्वतःच्या दप्तरी ठेवा, आम्हांस छायाप्रत पुरे आहे; आणि गिऱ्हाइकाचे नाव व फोन नंबर तिच्यावर असतील तर प्रत पाठविण्यापूर्वी ते काळ्या शाईने खोडा.