उचल मोजली, हजेरी कोण मोजणार?



कोयत्यामागून कारखान्यावर येणारी पोरे आपण दर हंगामात पाहतो. रायगडच्या कर्जत-खालापूरकडे (आपले नगरचे कर्जत नव्हे) कातकरी वाड्यांत हेच दुखणे आहे. दिवाळी सरली की कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जूनला सुरू झालेली शाळा मधेच तुटते.

एकटा मास्तर काय करणार? पोराला पोटाला हवे, तापाला औषध हवे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे कोणी हवे. १९७५ पासून अंगणवाडी आहे, १९९५ पासून शालेय आहार आहे, २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू आहे. पण खाती निराळी, आणि पोर एकच!

म्हणून वाडी हलण्याआधीच मास्तर, अंगणवाडीच्या ताई, आरोग्यसेविका नि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून यादी करावी. आजी-आजोबा मागे राहत असतील तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून पोराला गावीच ठेवावे. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड हाती द्यावे, आणि भट्टीजवळच्या शाळेने ते पाहून त्याला वर्गात बसवावे.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. कबूल. पण माणसे कधी निघणार, कुठे उतरणार हे आधी ठाऊक असते ते मालकाला नि मुकादमाला. ती खबर शाळेला मिळाली नाही तर कार्ड घेऊन काय करायचे?

आपल्या गट ऑफिसात तोडणीचे करार होतात, उचलीची पै न् पै वहीत चढते. तिच्याच शेजारी पोरांची नावे नि इयत्ता लिहायला शाई ती किती लागणार?