ताटामागची आणि ताटापुढची



सुट्ट्या लागल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मुंबईची खाद्यभ्रमंती सुरू होते. वडापाव कुठला खावा, इराण्याकडचा मस्का-पाव कुठे चांगला, सुरमई कुठे ताजी मिळते, सगळी माहिती असते. इथे चारठाण्यातही या पुरवण्या वाचल्या जातात, कारण परभणीला गाडी पकडून पोटासाठी मुंबई गाठणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत. मीही आवडीने वाचते. पण दर वेळी एक गोष्ट खटकते. त्यात चव असते, पत्ता असतो, भाव असतो. ताटामागची बाई नसते, आणि ताटापुढे एकटी बसलेली बाईही नसते.

मुलगा मुंबईला निघाला की आई आधी विचारते, ‘जेवणाचं काय?’ गिरण्यांच्या काळात या प्रश्नाचं उत्तर खानावळ हे होतं. बायकामुलांना गावी ठेवून आलेले कामगार लालबाग-परळच्या चाळींत राहत आणि तिथल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. एका खोलीत संसार आणि तिथेच खानावळ. गिरणीची पाळी बदलली की हिच्या चुलीची वेळ बदलायची. कामगारांचे पैसे पगाराच्या दिवशी यायचे, पण पीठ-मीठ रोज लागायचं. मग उधारी, सावकार आणि व्याज ठरलेलंच. एवढं करून तिला म्हणायचं काय, तर ‘घरीच असते’.

गोवा मुक्तिसंग्रामात आणि पुढे कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवू लागल्या. ‘घरीच असते’ म्हणून दुर्लक्षिलेली बाई बँकेच्या वहीत धंदा करणारी म्हणून नोंदली गेली, हे मला कर्जाच्या रकमेपेक्षा मोठं वाटतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबला, पण भूक थांबली नाही. खानावळवाल्यांनी कितीतरी दिवस उधारीवर जेवायला घातलं आणि त्यात स्वतःही बुडाल्या. संपावर खूप लिहिलं गेलं. पुढाऱ्यांची, मालकांची नावं त्यात आहेत. ही उधारी मात्र फार थोड्या ठिकाणी मांडलेली दिसते.

समुद्राकडे वळलं तरी हेच दिसतं. ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झाला. तिथे पहाटे मासळीचा लिलाव होतो. कोळणी माल घेऊन बाजार गाठतात. त्याच धक्क्यावर बाया उकिडव्या बसून कोळंबी सोलतात. बर्फाच्या गार मालात तास न् तास हात, आणि मजुरी सोललेल्या मालावर. हॉटेलात कोळंबीच्या ताटाला जो भाव लागतो, त्यातलं किती या हातांपर्यंत येतं?

आता ताटापुढची बाई. मुंबईतच काय, आपल्या तालुक्याच्या गावांतही हॉटेलांवर ‘फॅमिली रूमची सोय’ अशी पाटी असायची, अजूनही कुठे कुठे आहे. फॅमिली म्हणजे कोण? बाई! पुरुष एकटा आला तर गिऱ्हाईक. बाई आली तर पडद्याआड किंवा माडीवर. एकटी आली तर तिला नजरा झेलाव्या लागतात. रस्त्यावर बसून विकणारीचं दुखणं आणखी वेगळं. दिवसभर दुसऱ्यांना चहा-सरबत देणारी बाई स्वतः पाणी बेतानेच पिते, कारण जवळपास मुतारी नसते, असली तर तिथे पैसे मोजावे लागतात. २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम याच प्रश्नावर उभी राहिली. बायकांनी महापालिकेकडे मोफत, सुरक्षित मुताऱ्या मागितल्या. शहरात खायचं-प्यायचं काय, या प्रश्नाची ही दुसरी बाजू कुठल्या पुरवणीत येते?

दारूचंही बोलू. आपण गावात मतदान मागून बाटली आडवी करतो, आणि ते योग्यच आहे. पण २००५ मध्ये सरकारने मुंबईच्या बारमधलं नाचणं बंद केलं तेव्हा दारू वाहतच राहिली, काम फक्त बायांचं गेलं. तारांकित हॉटेलांना तर बंदीतून सूटच होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनेत बसत नाही, असा निर्णय दिला. तोवर आठ वर्षं गेली होती. स्त्री-चळवळीतही तेव्हा मतभेद झाले. माझ्यापुरतं मी एवढंच म्हणेन की दारूशी लढताना पोट बाईचंच का मारायचं, हे आधी विचारायला हवं.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बायांना, त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर, रात्रपाळीची मुभा दिली. पण दहापेक्षा कमी कामगारांच्या जागा त्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळल्या. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय सरकारने घेतला. पोळी-भाजी केंद्रं, छोट्या खानावळी, डब्यांचे धंदे यांत बाया जास्त, आणि तिथे कामगार असतात चार-पाच. म्हणजे जिथे कायद्याची गरज सगळ्यांत जास्त, तिथेच तो पोहोचत नाही.

आणि हे फक्त मुंबईचं नाही. आपल्या शाळांत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २००९ मध्ये केंद्राने ते महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने. राज्य त्यात भर घालतं. उरलेले दोन महिने तिची चूल कशावर पेटते? मानधन म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्नच उरत नाही. ‘घरीच असते’ या शब्दांनी जे गिरणगावात केलं, तेच आता ‘मानधन’ हा शब्द इथे करतो.

म्हणून पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने एक काम करायचं आहे. आपल्या गावातली एक खानावळ, पोळी-भाजी केंद्र किंवा शाळेचं स्वयंपाकघर निवडा. तिथल्या बाईजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारा. किती तास काम करतेस? हातात किती येतात? मुतारी कुठे आहे? तिची तयारी असेल तरच लिहून घ्या, आणि तिचं नाव न घालता आम्हाला पाठवा. आलेली उत्तरं आपण छापू आणि पंचायत, नगरपालिका, कामगार कार्यालय, सगळीकडे घेऊन जाऊ. पुरवण्यांना आपल्या गावातल्या ताटांचे पत्ते हवे असतील, तर त्या ताटांचा हिशोबही त्यांच्या हाती देऊ.