पंगतीत न दिसणारी मुले

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकात त्यांच्यामागोमाग माळव्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांनी गणेशोत्सव, हळदीकुंकू, मुंजी आणि लग्ने यांच्या आधाराने आपले परस्परांशी असलेले नाते टिकविले. भोवती हिंदी व माळवी, घरात मराठी आणि या सर्वांना सांधणारी पंगत. अशा समाजात कोण आजारी आहे, कोणाची मुलगी परीक्षेत पहिली आली, हे मुद्दाम सांगावे लागत नाही. असे असूनही एखादे कुटुंब दोन-तीन वर्षांत कोणत्याच समारंभास आलेले नाही, ही गोष्ट आपल्या ध्यानात फार उशिरा येते. चौकशी केली, तर "मुलाची प्रकृती" एवढेच मोघम उत्तर मिळते.

मूल दिसावयास धडधाकट असते. परंतु आरतीच्या झांजा वाजू लागल्या की ते दोन्ही कान दाबून किंचाळते. हाक मारली तर वळून पाहत नाही. पानातील वरणभाताखेरीज कशाला हात लावीत नाही, किंवा कोठेतरी ऐकलेले एकच वाक्य दिवसभर म्हणत राहते. मग चार बायकांत आईला ऐकावे लागते, "जरा वळण लावा हो," किंवा "लाडावून ठेवलंय." असे दोनदा घडले की तिसऱ्या वेळी ती येत नाही.

या अवस्थेस वैद्यकात ऑटिझम म्हणतात. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द आता रूढ झाला आहे. शब्द देखणा आहे, पण किंचित फसवाही आहे. त्यावरून असे वाटते की, हे मूल स्वतःच्याच तंद्रीत सुखाने रमले असून बाहेरच्या जगाची त्यास जाणीव नाही. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. आवाज, प्रकाश, स्पर्श आणि गर्दी त्यास आपल्यापेक्षा अधिक तीव्रतेने जाणवतात आणि त्या भडिमारातून मार्ग काढताना बोलणे व नजर देणे मागे पडते. प्रत्येकात याचे स्वरूप निराळे असते. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी पदवी घेऊन नोकरी करतो. हे काही दुर्मिळ प्रकरण नव्हे. देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची केलेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभर मुलांमागे सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. हे प्रमाण धरले, तर आपल्या दोन्ही गावांत अशी घरे किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची लक्षणे नोंदवून या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे मोठमोठे पंडित आईच्या मायेतील कोरडेपणास दोष देत राहिले. हा समज खोडून काढण्यात पुढाकार घेतला तो आई-वडिलांनीच. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली ग्रंथ लिहून स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे, असे प्रतिपादन केले. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी जी संस्था स्थापन केली, तिच्या संस्थापकांत डॉ. लॉर्ना विंग होत्या. त्यांची मुलगी स्वमग्न होती. दिल्लीतील 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' १९९१ साली मेरी बरुआ या एका आईने सुरू केली. मुंबईचा 'फोरम फॉर ऑटिझम' हाही पालकांचाच. आईला बोल लावण्याची ती पंडिती आता शास्त्रातून हद्दपार झाली आहे. आपल्या हळदीकुंकवातून मात्र ती अद्याप गेलेली नाही.

परंतु प्रत्येक गावातील आईने स्वतः संस्था काढावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिला दिवसभराची झोपमोड पुरेशी असते. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करावे? 'आम्हाला त्यातले काय कळते?' हा संकोच खरा असतो. त्याचे उत्तर गोव्यात मिळाले आहे.

गोव्यात १९९६ साली स्थापन झालेली 'संगत' ही संस्था तज्ज्ञ नसलेल्या सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन मानसिक आरोग्याची कामे त्यांच्याकडून करवून घेते. मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉ. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील एक उपचारपद्धती आपल्याकडील घरांस मानवेल अशी बदलून घेतली आणि गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी अशा दोन ठिकाणी एकाच वेळी तिची परीक्षा केली. दोन्हीकडची मिळून ६५ मुले या प्रयोगात होती. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पद्धत ऐकावयास अगदी साधी आहे. सुमारे सहा महिन्यांत कार्यकर्ता त्या कुटुंबास बारा वेळा भेटतो. आई किंवा वडील मुलाशी खेळत असता काही मिनिटांचे चित्रण करतो आणि नंतर दोघे मिळून ते पाहतात. मुलाने किंचित मान वळविली, चेंडू पुढे सरकविला, ओठ हलविले, अशा ठिकाणी चित्रण थांबवून कार्यकर्ता आईलाच विचारतो, 'येथे त्याने काय केले? त्यावर तुम्ही काय केलेत?' पुष्कळदा आईच्या लक्षात येते की, मुलाने हाक दिली होती, पण त्या क्षणी आपण 'हे बघ, ते बघ' करण्यात गुंतलो होतो. मग ती थांबावयास शिकते, आज्ञा कमी करते, मूल जेथे पाहते तेथे आपणही पाहू लागते.

परिणाम काय झाला? आई-वडिलांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने पुष्कळ सुधारला आणि मूल आपण होऊन अधिक वेळा संपर्क साधू लागले. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा काळ वाढला नाही, उलट घटला. प्रयोग करणाऱ्यांनी हेही लपविले नाही. जे कोणी 'महिनाभरात मूल बोलते करतो' अशी जाहिरात करून भोळ्या पालकांचे दागिने विकावयास लावतात, त्यांच्या आणि या प्रांजळपणाच्या मधील अंतर वाचकांनी ओळखावे. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध आज उपलब्ध नाही.

हेही सांगितले पाहिजे की, गोव्यातील ते कार्यकर्ते हौशी नव्हते. त्यांना रीतसर शिकविलेले होते आणि त्यांच्या कामावर जाणत्यांची देखरेख होती. तेव्हा उद्या उठून आपण कॅमेरा घेऊन कोणाच्या घरात शिरावे, असा याचा अर्थ नाही. त्यांच्यापासून घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, आधी पाहावे, ऐकावे, मग बोलावे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात देवासला आले आणि गाणे बंद असलेल्या त्या काळात माळव्याची लोकगीते त्यांनी मन लावून ऐकली. ऐकण्याची विद्या देवासला परकी नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आता आपल्या गावांकडे वळू. देवासहून इंदूर चाळीस किलोमीटरांच्या आत आणि धारहून साठेक किलोमीटर. वाणीच्या व हातापायांच्या उपचारांसाठी इंदूरच्या खेपा घालणे अनेक घरांना भाग पडते. देवासला लागून असलेल्या सिहोर जिल्ह्यात मानसिक आरोग्य पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था २०१८ साली मंजूर होऊन पुढे सुरू झाली आहे, भोपाळला अपंग पुनर्वसनाचे क्षेत्रीय केंद्र आहे. तज्ज्ञ मिळतात, परंतु ते महिन्यातून एखादा तास मिळतात. उरलेले तास घरचे आणि गावाचे. मंडळाच्या कार्यकर्त्यांचे काम तेथे आहे.

सर्वांत मोठी मदत दिसावयास सर्वांत लहान आहे. आठवड्यातून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तीच व्यक्ती दोन तास त्या घरी जाऊन बसली, तर आईला बाजार, बँक किंवा नुसती झोप मिळते. येथे 'तीच' आणि 'ठरलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्वमग्न मुलास अनपेक्षित बदल सोसत नाही. आज एक मावशी, उद्या दुसरे काका, परवा कोणीच नाही, असे झाले तर मदतीचा उपद्रवच होतो. येणे जमणार नसेल, तर आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे मुलाला चित्र दाखवून सांगता येते. आरंभीचे दोन महिने घरातील कोणी तेथेच असावे आणि पुढेही दार बंद करून मुलासह एकटे बसण्याचा प्रसंग कार्यकर्त्याने येऊ देऊ नये. हा अविश्वास नव्हे. कार्यकर्ता आणि मूल या दोघांचेही रक्षण त्यात आहे.

गणेशोत्सवात आरतीपूर्वी अर्धा तास ध्वनिक्षेपक बंद ठेवून या घरांना दर्शनास बोलवावे. खर्च काहीच नाही. लग्नघरात एक शांत खोली मोकळी ठेवावी आणि मुलाने स्वतःच्या डब्यातील भात खाल्ला, तर 'जिलेबी घे ना रे' असा आग्रह करू नये. आग्रह हा आपला कुलाचार आहे हे खरे, पण येथे तो आवरावा.

मुले मोठी होतात, हे मात्र आपण विसरतो. तीस वर्षांच्या स्वमग्न माणसास 'बाळ' म्हणून गाल ओढण्यापेक्षा ग्रंथालयातील पुस्तके लावणे, पत्रिकांवर तिकिटे चिकटविणे, असे नियमित काम द्यावे आणि त्याचा मोबदलाही द्यावा. त्याला काय आवडते, हे आधी त्यालाच विचारावे. तो बोलत नसला तरी विचारता येते.

आणि शेवटी तो प्रश्न, जो वृद्ध आई-वडील रात्री एकमेकांस विचारतात: आपल्यामागे याचे कोण? १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्थान दिले आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस अपंगत्वांत ती आहे. १९९९ च्या कायद्यानुसार जिल्ह्यासाठी स्थानिक समिती असते. तीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. सज्ञान झालेल्या स्वमग्न व्यक्तीस कायदेशीर पालक नेमावा, असा अर्ज आई-वडील किंवा नातेवाईक या समितीकडे करू शकतात. प्रत्येकास असा पालक लागतोच असे नाही, आणि ज्यास लागतो त्याचीही इच्छा विचारात घेतली पाहिजे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यावयाची असते आणि दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. त्याने हयगय केली, तर त्यास दूर करता येते.

हे सारे आई-वडील हयात असताना, हातपाय चालत असतानाच करावयाचे असते. अर्ज लिहिणे, कलेक्टर कचेरीतील खेपा, पुढे वर्षाचा हिशेब नीट मांडणे, यांस कोणतेही वैद्यकीय ज्ञान लागत नाही. निवृत्त कारकून आणि हिशेबनीस तर आपल्या प्रत्येक मंडळात चार-दोन असतातच, आणि दुपारी त्यांना वेळही असतो.