चिमणी राहिली, भोंगा गेला

परवा एका सहलसंस्थेचा मजकूर भाषांतरासाठी आला. मुंबईच्या लोअर परळमधली सकाळची फेरी : गिरणीची जुनी चिमणी, दगडी भिंती, चाळीच्या कठड्याशी कटिंग चहा, शेवटी गिरणीच्या आवारातल्या कॅफेत न्याहारी. ‘वस्तीचं अस्सल रूप पाहा’ असं आवाहन. पैसे बरे होते. तरी मी काम परत पाठवलं. का, ते इथे लिहिते. कारण हा प्रश्न सहलवाल्यांइतकाच आपलाही, साहित्यवाल्यांचा आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले अनेक जण कामावर परतलेच नाहीत. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८नं गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे सांगितले : शहराला मोकळी जागा, सार्वजनिक घरं आणि मालक. २००१च्या दुरुस्तीनं बांधकामाखालची जमीन वाटणीतून वगळली. मोकळी होती तेवढीच वाटायला उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती उचलून धरली. तेव्हा परळ ‘आपोआप’ बदललं, असं कुणी म्हणू नये.

आज मॉलच्या आवारात चिमणी शाबूत आहे. भोंगा नाही, पाळ्या नाहीत, पाळी सुटलेल्यांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या खानावळी नाहीत. शोभेचं तेवढं राखलं. हक्क सांगू शकेल ते हटवलं.

दहा बाय बाराच्या खोलीत, सामाईक संडासाच्या रांगेत कुणी परत जावं, असं मी म्हणत नाही. मोठं घर तिथल्या माणसांनाही हवंच होतं. ते कुणाला मिळालं, एवढंच विचारते आहे. मित्र म्हणतात, शहर बदलणं हेही एक भाषांतरच. मुळीच नाही. भाषांतर मूळ संहितेच्या शेजारी उभं राहतं. मूळ फाडून तिचं मुखपृष्ठ भिंतीवर लावत नाही.

आणि आपण? गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांच्या कविता आपण त्याच कॅफेत वाचतो, टाळ्या घेतो, टॅक्सीनं घरी जातो. वाचायचंच तर लालबागला अजून उभ्या असलेल्या एखाद्या चाळीच्या चौकात वाचू. तिथला श्रोता दाद देईल, नाहीतर उठून जाईल. कॅफेत उठून जाणारं कुणी उरलेलं नाही.