इलोकानोची अडचण व्याकरणात नाही

वैद्यकीय शिक्षणासाठी मुलं फिलिपिन्सला निघाली की पालक विचारतात, तिथली भाषा अवघड आहे का? मी उलट विचारते, कुठली? मनिलात तागालोग, दावावात सेबुआनो, आणि बागियोच्या थंड डोंगरांपासून उत्तर लुझोनच्या बाजारांपर्यंत चालते ती इलोकानो. तागालोग सोपी, इलोकानो अवघड, असा एक समज पसरला आहे. तो निम्माच खरा आहे.

दोघी सख्ख्या नसल्या तरी एकाच कुळातल्या. दोन्हींत क्रियापद आधी येतं, म्हणजे ते वाक्याच्या शेवटापर्यंत राखून ठेवायची आपली सवय मोडावी लागते. पण मराठी माणसाला थोडी उसनवारी मिळते. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात क्रियापद रामाकडे न बघता आंब्याकडे बघतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तागालोगमध्ये ‘कुमाइन’ म्हटलं की रोख खाणाऱ्यावर, ‘किनाइन’ म्हटलं की खाल्लेल्या वस्तूवर. इंग्रजीतून शिकणारा इथे महिनोन्‌महिने चाचपडतो. आपल्याला कर्तरी-कर्मणीचा हात धरता येतो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेदही दोन्हींत आहे, ‘तायो’ आणि ‘कामी’.

इलोकानो अवघड पडते ती पुढे. तागालोग वाक्यात ‘आंग’ आणि ‘नांग’ ही चिन्हं नामांची भूमिका वेगळी करून दाखवतात. इलोकानोत बरेचदा दोन्हीकडे एकच ‘ति’. पाठ करायला कमी, उलगडायला जास्त. सर्वनामं तर एकमेकांत मिसळतात: तागालोगमध्ये ‘मी तुला’ यासाठी ‘किता’ हा एकच जोड आहे, इलोकानोत असे जोड कितीतरी आणि ते क्रियापदाला चिकटूनच येतात. चालू क्रियेसाठी तागालोग एक अक्षर दुहेरी करते, ‘नागबाबासा’. इलोकानो त्यात पुढचं व्यंजनही ओढते, ‘आगबासबासा’. आणि दिवंगत माणसाचा उल्लेख करताना ‘दायदि’ लावायचं, आपल्या ‘कै.’सारखं, पण बोलतानाही. मला हे फार आवडतं. तरीही एवढ्याने काही डोंगर उभा राहत नाही. व्याकरणाच्या तराजूत इलोकानो जराशीच जड.

खरा फरक व्याकरणाबाहेर आहे. 1937 साली फिलिपिन्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मानुएल केझोन यांनी तागालोगच्या पायावर राष्ट्रभाषा उभी करायचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकं, चित्रपट, मालिका, बातम्या, सगळं त्या बाजूला गेलं. इलोकानोकडे काही नाही असं नव्हे. ‘बन्नावाग’ हे नियतकालिक 1934 मध्ये सुरू झालं. हवाईत उसाच्या मळ्यांवर गेलेल्या इलोकानो मजुरांच्या वारसांमुळे तिथल्या विद्यापीठात ही भाषा रीतसर शिकवली जाते. गूगलच्या भाषांतरात मात्र तिला 2022 पर्यंत थांबावं लागलं. आपली कोकणीही त्याच खेपेला आत आली. फिलिपिन्सच्या शाळांत सुरुवातीच्या इयत्तांना मातृभाषेतून शिकवण्याचा नियम 2024 मध्ये मागे घेतला गेला, म्हणजे इलोकानोतली नवी पुस्तकं आणखी आटणार. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता.

शिवाय परका माणूस दिसला की इलोकानो बोलणारा झटकन तागालोग किंवा इंग्रजीवर येतो. मनिलातही इंग्रजीचा आडोसा आहेच, पण तिथे रिक्षापासून रेडिओपर्यंत कानावर तागालोगच पडत राहते. इलोकानो शिकणाऱ्याला ती मुद्दाम कानावर पाडून घ्यावी लागते.

म्हणून पालकांना माझं उत्तर: पहिलं वर्ष तागालोग शिकू द्या, साहित्य भरपूर आहे. पण मूल बागियो किंवा ला युनियनच्या वॉर्डात उभं राहणार असेल, तर म्हातारा रुग्ण दुखणं इलोकानोतच सांगेल. त्यासाठी ॲप पुरणार नाही. तिथल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला रीतसर फी देऊन शिकवणी लावा, आणि परीक्षांच्या आधी लावा.